कौसल्याताईंच्या वहीतली चूक

वाशीमच्या एसटी स्टँडवर कौसल्याताईंनी मला अर्धी भाकर दिली, ती आमची पहिली ओळख. सत्तरचे दशक होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. तिथल्या महाविद्यालयात सुगम संगीताचा वर्ग नुकताच निघाला होता. वडिलांच्या बदलीमुळे मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून त्या वर्गात येऊन पडले होते. माझे पुस्तकी मराठी ऐकून मुली हसत, म्हणून मी बोलणेच सोडले होते. डबा स्टँडवर जाऊन खायची. तिथे एकटे बसलेले कुणाला वावगे दिसत नाही.

"कोनाची वाट पाहून राह्यली वं रोज?"

"कुणाचीच नाही."

"मंग सरक तिकडं. माही गाडी बी तासभर येत नाई."

ताई केनवड गावच्या, माझ्याच वर्गात, पण माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. लग्नांत, जयंतीच्या कार्यक्रमांत त्या लहानपणापासून गात आलेल्या. शेकडो गाणी पाठ, कागदावर एकही नाही. परीक्षा पास झाल्या तर रिसोडच्या एका शाळेत गाणे शिकवायची नोकरी ठरलेली होती. धाकटी बहीण वच्छला घर आणि आजारी वडील सांभाळत असे. ताईंना नोकरी लागली की ती मॅट्रिकला बसणार होती.

ताईंच्या प्रत्येक सत्कारात एक विनोद सांगितला जातो : एवढ्या मोठ्या गायिका, पण पहिल्या खेपेला स्वरलेखनात नापास! ताईही हसतात. आज ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात तो विनोद मला दुरुस्त करायचा आहे.

परीक्षेला बारा गाण्यांची स्वरलिपीची वही द्यावी लागे. ती स्वतःची हवी, असा नियम होता. ताईंना लिहिणे जमेना. मी म्हटले, "तुम्ही गा, मी लिहिते." मी पियानो शिकलेली, त्याचा मला तोरा होता. स्टँडवरच्या बाकावर त्या हळू आवाजात गात आणि मी लिहून घेई. ते दोन महिने सोडले तर वाशीममधले दुसरे काही मला आठवावेसे वाटत नाही. मी दिलेले कागद ताईंनी वळणदार अक्षरात वहीत उतरवले.

पियानोवर मला शिकवले होते की पहिला स्वर ठरलेल्या पट्टीवरच असतो, तो हलत नाही. ताई गात काळी चारमध्ये. त्यांचा सा म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. मी मात्र सगळीकडे पांढरी एक, म्हणजे पहिली पांढरी पट्टी, हाच सा धरला आणि त्या हिशेबाने त्यांच्या प्रत्येक सा ला कोमल धैवत लिहिले. बाराही गाणी तशीच.

परीक्षकांनी वही पेटीवर वाजवून पाहिली. "बाई, तुमच्या गाण्यांना षड्जच नाही, सा च्या जागी सगळीकडे कोमल धैवत. कुणाचं पाहून लिहिलंत?"

मी दारात उभी होते. ताईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "कोनाचंच नाई सर. माह्यंच डोकं."

पुढचा नंबर माझा होता. मी स्वतः पांढरी एकमध्येच गायची, म्हणून माझ्या वहीत ती चूक नव्हती. मी आत गेले, गायले, पहिल्या श्रेणीत पास झाले. बाहेर ताई थांबल्या होत्या. "तोंड काहून पाडून राह्यली? दोघीनं कायले बुडाचं? मले तं पोहता येते."

ती नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. ताईंनी पुढच्या वर्षी स्वतः लिहून परीक्षा दिली, पास झाल्या. नंतर केनवडात त्यांनी मुलींच्या पिढ्या शिकवल्या. प्रत्येकीला पहिले कित्येक दिवस त्या गाणे देत नाहीत. "आधी तुहा सा सापडू दे," म्हणतात. ताईंना लिहायची पत्रे मात्र मी अर्धवट लिहून फाडत राहिले. वडिलांची बदली झाली, गावे बदलली. बाकावर मला तसे 'सरक तिकडं' म्हणणारे पुन्हा कुणी भेटले नाही.

वच्छलाताईंची मॅट्रिक त्या वर्षी राहिली, ती राहिलीच.

ताई, तुमचा आवाज असाच खणखणीत राहो, गुडघे साथ देवोत आणि शंभरीलाही मुली तुमच्या ओसरीवर बसलेल्या असोत.

संपादकांना विनंती. माझी पेटी या लेखाबरोबर पाठवते आहे. ती ताईंच्या विद्यार्थिनींना द्यावी. ग्रंथाची पहिली प्रत ताईंना. माझ्या वाट्याची प्रत सत्काराच्या वक्त्यांना, भाषणाआधी. आणि एक प्रत वच्छलाताईंना, त्या आता राहतात त्या किन्हीराजा गावी, टपालाने नको. कुणीतरी हाती न्यावी, हे पान वाचून दाखवावे, आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळवावे. काहीच म्हणाल्या नाहीत, तर तेही कळवावे.