बारदान वजा जाता

पारनेरच्या कांदा बाजारात कारभारी मापाडी तीस वर्षं वजन पुकारतोय. काटा बघायचा, गोणीचं म्हणजे बारदानाचं वजन मनातच वजा करायचं आणि खणखणीत आकडा ठोकायचा. त्याच्या आकड्यावर कुणी हुज्जत घालत नाही, आणि गड्याला सगळा तोरा त्याचाच.

मे महिन्यात त्याची भाची रुपाली हिचं लग्न सावेडीतल्या कार्यालयात ठरलं. वरपक्षाला हौस दांडगी, त्यांनी नवरी आणायला हेलिकॉप्टर धाडलं. त्यात नवरी, तिची आई साळूबाई आणि मामा म्हणून कारभारी असे तिघं बसणार होते. मामा पाठीशी उभा नसेल तर ते लग्न कसलं?

सकाळी आठला यायचं ते यंत्र अकराला आलं. पायलट म्हणाला, ऊन तापलं की हवा विरळ होते, इंजिनाची ताकद कमी पडते. आता तिघं मिळून दोनशे पाच किलोच. गावात सल्ल्यांना काय तोटा? कुणी म्हणालं निम्मं इंधन काढा, वाटेत पंप आहेत. कुणी खालून रेटा द्यायला पुढे झालं. एका आजोबांनी पायलटलाच उतरायला सांगितलं, कारण नडत होता तोच.

कारभारीने बाजारातला काटा आणवला. नवरी मुंडावळ्यांसकट त्यावर चढली. त्याने पुकारलं: रुपाली पंचावन्न, साळूबाई एकोणसाठ, आपण स्वतः एक्क्याण्णव. बरोब्बर दोनशे पाच.

हेलिकॉप्टर वीतभर वर उठलं, थरथरलं आणि खाली बसलं. पायलटने विचारलं, वजन नक्की बरोबर ना? कारभारीच्या तोंडचं पाणी पळालं. बाजारातल्या सवयीने त्याने माणशी दोन किलो बारदान वजा केलं होतं. गाव इंजिनाला शिव्या घालतच होतं. गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. त्याला ते जमेना.

"माझं चुकलं. सहा किलो जास्ती हाय," म्हणत तो उतरला. त्याचे डोळे भरून आले. तीस वर्षांची पत गेली आणि मामाचा मानही.

रुपाली त्याच्यामागे उतरली. "चूक कसली, मामा? शालू-दागिने वजा करून नुस्ती पोरगी मोजली तुमी. चला, टेम्पो काढा."

सावेडीत हेलिकॉप्टरमधून एकटा पायलट उतरला. बँड वाजला, सुवासिनींनी त्यालाच ओवाळलं. टेम्पो पोचेपर्यंत मुहूर्त टळून गेला होता. पण अक्षता पडल्या तेव्हा नवरीच्या पाठीशी कारभारी उभा होता, बारदानासकट पुरा त्र्याण्णव किलो.