गुरांच्या बाजारातलं हर्लिंग

डिम्फना हेफर्नन लग्न होऊन दक्षिणेतल्या टिपररी जिल्ह्यातून वरच्या लायट्रिम जिल्ह्यातल्या ड्रमलारा गावात आली, तेव्हा तिच्या सामानात दोन सुटकेसा, केस कापायच्या हत्यारांची एक पेटी आणि हर्लिंगच्या खेळाच्या तीन हर्ली होत्या. सासऱ्यांनी सुटकेसा माडीवर नेल्या आणि हर्ली गोठ्यात ठेवल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. टोकाला पसरट असलेली ही काठी माणसाला घरात कशासाठी लागते, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. गाई हाकायला बरी आहे, असं दुसऱ्या दिवशी ते कौतुकाने म्हणालेही.

टिपररीत पोर चालायला लागलं की त्याच्या हातात हर्ली देतात, मग ते पळायला लागतं. लायट्रिममध्ये लोक फुटबॉलवर जगत. फुटबॉलमध्येही त्यांनी फारसं काही जिंकलेलं नव्हतं, पण त्यात हरायची त्यांना सवय होती आणि सवयीची गोष्ट माणूस सहसा सोडत नाही. अख्ख्या जिल्ह्यात हर्लिंगचे संघ एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि त्यांतही निम्मे खेळाडू बाहेरून नोकरीला आलेले पोलीस आणि मास्तर. त्यांची बदली झाली की संघ बसायचा.

डिम्फनाचा नवरा फ्रॅन्सी मॅकगोल्ड्रिक दुधाचा टँकर चालवायचा आणि कामापुरतं बोलायचा. त्याने बाहेरच्या खोलीत तिला केस कापायचं दुकान थाटून दिलं. गावात दुसरं दुकान नव्हतं. पुढे दोन मुली झाल्या. त्यांना आई घराच्या आडभिंतीवर चेंडू मारायला शिकवायची. भिंतीपलीकडे सासूबाई माळ जपत बसलेल्या असायच्या. दर ठोक्याला त्यांचा मणी चुकायचा. एके दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं डिम्फना, एवढीच हौस आहे तर गावातली पोरं गोळा कर आणि दुसऱ्या कुणाची तरी भिंत बघ."

डिम्फनाने हा आशीर्वाद मानला.

केस कापताना पोराला खुर्चीतून पळता येत नाही, हा तिच्या धंद्याचा मोठा फायदा होता.

"हर्लिंग खेळशील?"

"म्हणजे काय?"

"शनिवारी ये, कळेल. मान हलवू नकोस."

"आई नको म्हणेल."

"आई मंगळवारी केसांना रंग लावायला येणार आहे. तिचं मी बघते."

अशी नऊ पोरं जमली, त्यांत चार मुली. आता मैदान हवं होतं. मैदान फुटबॉल क्लबचं, आणि क्लबचा अध्यक्ष मॅलकी गलॉग्ली. त्याच्या दुकानात पुढे दारू, मागे खिळे-पत्रे आणि मागणी आली तर शवपेट्या मिळत. गावात कुणाचंही पान त्याच्यावाचून हलत नसे.

"काठ्यांनी मैदानाची सालटी निघतील," मॅलकी म्हणाला. "वर पोरांची टाळकी फुटतील."

"पोरांच्या डोक्यावर हेल्मेट असतं."

"गवताच्या डोक्यावर नसतं," मॅलकी म्हणाला आणि विषय संपला.

डिम्फनाने घरी येऊन हे सांगितलं. फ्रॅन्सीने बटाटे संपवले, चहा संपवला, आणि तीन दिवसांनी टँकरखाली आडवा असताना तिथूनच म्हणाला, "गुरांचा बाजार शनिवारी मोकळा असतो."

बाजाराचं आवार सिमेंटचं होतं. एका अंगाला गुरं उभी करायचे कप्पे, प्रत्येकाला मागे छातीभर उंच भिंत. फ्रॅन्सी पाण्याच्या पाइपने ते धुवायचा. वास जायचा नाही, पण बाकीचं जायचं. डिम्फना एकेका कप्प्यात एकेक पोर उभं करायची. चेंडू भिंतीवर मारायचा, परत आला की काठीवर झेलायचा, पुन्हा मारायचा. उजवीकडून, मग डावीकडून. चुकला तर चेंडू मागच्या गटारात जायचा, आणि ज्याचा त्याने काढायचा. चेंडू चुकवायचा नाही, हे शिकायला एवढं कारण पुरेसं होतं.

दुसऱ्या वर्षी ती पोरांना मिनीबसमधून माहेरी सामन्याला घेऊन गेली. तिथल्या पोरांना तिचा धाकटा भाऊ कॉन शिकवायचा. खांबांमधून आडव्या दांड्यावरून चेंडू गेला की एक गुण आणि दांड्याखालून जाळीत गेला की तीन. कॉनची पोरं दांड्यावरूनही आणि खालूनही मोजदाद सुटेपर्यंत मारत राहिली. ड्रमलाराचा भोपळा. भिंतीवरून आलेला चेंडू पोरांना झेलता येत होता, पण भिंत कधी अंगावर धावून आली नव्हती.

मध्यंतरात कॉन जवळ आला. "अगं, माझी पाच चांगली पोरं तुझ्याकडे देतो. जरा रंगत येईल."

"तुझी पोरं तुझ्याकडेच ठेव."

"मग आमची सावकाश खेळतील. सांगतो त्यांना."

"सांगून तर बघ, कॉन. आईला सांगेन."

कॉन टक्कल पडायला आलेला तीन लेकरांचा बाप होता, पण तो गप्प बसला. पोरं पूर्ण वेगाने हरली.

परतताना बसमध्ये हॅमची सँडविचं वाटली, पण कुणी खाईना. चार मुलींतली सॉर्हा मल्वी मागच्या बाकावरून म्हणाली, "डिम्फना, आपण इतके वाईट आहोत?"

"हो," डिम्फना म्हणाली. "पण आज आपण एकाच चुकीने हरलो. चेंडू हातात आला की तुम्ही थांबून बघता. भिंत वाट बघते, माणूस बघत नाही. पुढच्या सामन्याला मला नवीन चूक पाहिजे. तीच जुनी आणलीत तर बसमध्ये घेणार नाही."

पोरांना हे पटलं. जिंकून दाखवायला कुणी सांगितलं असतं, तर ती घाबरली असती. नवीन चूक करणं त्यांना जमण्यासारखं होतं. पुढच्या सामन्यात ती थांबली नाहीत, सगळी एकाच चेंडूमागे धावली आणि हरली. त्याच्या पुढच्यात पसरून खेळली, पण एकमेकांकडे चेंडू देईनात. दरवर्षी चुका सुधारत गेल्या. सामन्यांचे निकालही सुधारत गेले, मात्र इतके हळू की क्लबात कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते वेगळ्याच कारणाने. पोरं चौदा वर्षांची झाली, आणि मॅलकीला दिसलं की गावातल्या सगळ्यात चपळ पोरांच्या हातात काठ्या आहेत. त्याने फुटबॉलचा सराव शनिवारी सकाळी ठेवला, बरोबर हर्लिंगच्या वेळेला. फुटबॉल म्हटलं की बापांचा शब्द चाले. त्या शनिवारी बाजारात पाचच जण आले. सॉर्हा आली होती. डिम्फनाने पाचजणांचा सराव पूर्ण घेतला, घरी आली आणि स्वयंपाकघराच्या मोरीत हेल्मेटं धूत उभी राहिली. ती धुतलेलीच होती.

"सोडून देऊ का रे?" तिने मागे न बघता विचारलं.

फ्रॅन्सीने एक हेल्मेट उचलून पुसलं. "टिपररीला परत जाणार आहेस?"

"नाही."

"मग शनिवारी करशील काय?"

तिला रडू आलं नाही, म्हणून तिने हेल्मेटं वाळत घातली.

नंतर दोन-तीन महिन्यांनी मॅलकीच्या धाकट्या मुलीचं डब्लिनला लग्न निघालं. आदल्या दिवशी संध्याकाळी तो खुर्चीत येऊन बसला. डिम्फनाने डावी बाजू नीट कापली, मशीन फिरवली, मान साफ केली. मग कात्री खाली ठेवली आणि चहाचं आधण ठेवलं.

"उजवीकडचं राहिलंय," मॅलकी आरशात बघत म्हणाला.

"हो. शनिवार दोन ठिकाणी आला की असं होतं. अर्धंच काम होतं."

मॅलकीने मान दोन्हीकडे वळवून आरशात बघितलं. डावीकडून तो नवरीचा बाप दिसत होता, उजवीकडून नुकताच गवतातून उठल्यासारखा.

"हा अडवणुकीचा प्रकार आहे, पोरी."

"मी कुठे अडवलंय? दार उघडं आहे. साखर किती घालू?"

"दोन," तो म्हणाला. चहा निम्मा झाल्यावर म्हणाला, "फुटबॉल रविवारी नेतो."

"आणि मैदान?"

"लग्न मुलीचं आहे, माझं नाही. मी टोपी घालून जाईन."

"चर्चमध्ये? तिथे टोपी काढावी लागते."

मॅलकीने उरलेला चहा संपवला. "बुधवारी संध्याकाळी मैदान तुमचं. गवत उखडलंत तर बघा."

तिने उजवी बाजू कापली आणि लग्न म्हणून पैसे घेतले नाहीत. पहिल्या बुधवारी पोरं मैदानावर गेली आणि कुरकुरली, की इथे मारलेला चेंडू परत येत नाही. मग बुधवार मैदानावर आणि शनिवार बाजारात, असं ठरलं. गेलेली पोरं सगळी नाही, पण बरीचशी परत आली.

त्यांतली सहाजण पुढे जिल्ह्याच्या सोळा वर्षांखालच्या संघात गेली, आणि मुलींच्या संघात सॉर्हा कर्णधार झाली. तोवर शेजारच्या दोन गावांनीही पोरं गोळा करायला सुरुवात केली होती, त्यामुळे हरवायला आणि हरायला टिपररीपर्यंत जावं लागत नव्हतं. तरी एका उन्हाळ्यात कॉन आपला संघ घेऊन ड्रमलाराला आला. पावसाची भुरभुर होती, मैदानाला पंचवीस-तीस माणसं. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत बरोबरी होती. कॉन मैदानाच्या कडेला लालबुंद होऊन स्वतःच्या पोरांवर ओरडत होता, "अरे गाढवांनो, त्या बारा नंबरला धरा! तो तुमची अब्रू काढतोय!" बारा नंबर म्हणजे गुरांच्या डॉक्टरचा मुलगा, गटारातून सगळ्यात जास्त वेळा चेंडू काढलेला. ड्रमलारा दोन गुणांनी हरलं. कॉन बहिणीशी न बोलताच बसमध्ये चढला. आठवडाभर त्याने फोन केला नाही. डिम्फनाने त्या रात्री फ्रॅन्सीबरोबर एक पेग घेतला, मग आणखी एक.

साठी ओलांडल्यावर तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. सॉर्हा तोवर शिकून, लग्न करून गावातच शाळेत मास्तरीण झाली होती; तिने सराव हातात घेतला. पहिल्याच महिन्यात तिने मैदानाभोवती दोरी बांधली आणि पालकांनी दोरीच्या आत यायचं नाही, असा नियम केला. डिम्फना काठी टेकत नेहमीसारखी आत शिरली आणि एका पोराला पाय कुठे ठेवायचा ते सांगायला लागली.

"डिम्फना, दोरीच्या बाहेर," सॉर्हा म्हणाली.

"मी पालक नाही."

"मग तर मुळीच नाही."

डिम्फनाने तिच्याकडे बघितलं. मग ती हळूहळू दोरीखालून वाकून बाहेर गेली. त्याला बराच वेळ लागला. पोरांनी तेवढ्यासाठी सराव थांबवला नाही. बाहेर उभ्या असलेल्या एका आईने तिला विचारलं, "तुमचं यातलं कोणतं?"

"ते लाल हेल्मेटवालं," डिम्फना म्हणाली, "आणि त्याच्या बाजूची दहा-बारा."