पहारेकऱ्याची चोवीस पावले

अ‍ॅनिमेशनच्या वर्गात पहिले काही महिने एकच पाठ होता: माणसाचे चालणे. वहीच्या प्रत्येक पानावर एक चित्र, आधीच्यापेक्षा किंचित पुढे सरकलेले. अंगठ्याखालून पाने भरभर सोडली की माणूस चालू लागे. सर सांगत, आधी घड्याळ लावून बघा, मग काढा.

रस्त्यावरचा माणूस मात्र दोन रेघा होईपर्यंत निघून जायचा. चंदिगढमध्ये न निघून जाणारा एकच माणूस मला सापडला. एका सरकारी इमारतीच्या फाटकावरचा बंदूकधारी जवान. चोवीस पावले, वळण, पुन्हा चोवीस पावले. पंजाबातल्या दहशतवादाची वर्षे होती. चौकाचौकात वाळूची पोती आणि त्यांच्यामागून रोखलेल्या बंदुका असत. त्यांची इतकी सवय झाली होती की तो जवान मला निव्वळ मॉडेल वाटला.

दोन दिवस समोरच्या फुटपाथवर बसून मी चित्रे काढली. तिसऱ्या दिवशी वेळ मोजायला एका वर्गमित्राला नेले. तो शीख होता. स्टॉपवॉच त्याच्याकडे होते. पेन्सिलला टोक करायचे म्हणून वहीही मी त्याच्याच हातात दिली.

"यार, तेरा हीरो आज दो सेकंद लेट मुड़ा," तो म्हणाला. "थक गया बेचारा."

काही मिनिटांत पोलिसांची जीप आली.

अधिकाऱ्याने वही उघडली. पहिल्या पानावर फाटकाचे रेखाटन, त्याखाली पावले आणि सेकंद. त्याने माझे मराठी अडखळत वाचले, "पाठ इकडे, अठरा सेकंद. ये क्या है?"

पाठ दिसते तेव्हा खांदे कसे हलतात, याची ती नोंद होती. त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत तिचा दुसरा अर्थ मला दिसला नव्हता.

त्याने आमची नावे विचारली. माझे वडील काय करतात, तेही विचारले. डॉक्टर, मी सांगितले. वही माझी आहे, हेही सांगितले.

"बेटी, इसको मत बचा. घर जा."

मित्राला जीपमध्ये घातले. मला कोणी हातही लावला नाही.

घरी बाबांनी सगळे ऐकून घेतले. "उद्या कॉलेजला जाऊ नकोस," ते म्हणाले. "आपण इथे बाहेरची माणसं."

"आणि तो, बाबा?"

"त्याच्या घरचे बघतील."

दिवसभर अनोळखी माणसांच्या जखमा शिवणाऱ्या बाबांचे हे वाक्य होते.

सकाळी त्यांना न सांगता मी सरांबरोबर चौकीवर गेले. सरांनी हा अभ्यास असल्याचे समजावले. अधिकाऱ्याला पटेना. तेव्हा मी वही मागून घेतली आणि पाने सोडली. जवान चालला, वळला, परत आला.

"फिर से," अधिकारी म्हणाला.

मी पुन्हा दाखवले. त्याने आत हाक मारली, "ओए, आ के देखो! अपना बंदा चल रहा है!"

तीन-चार शिपाई जमले. एकाने खांद्यावर काठी टाकून तसेच चालून दाखवले. खोली हसू लागली. सर हसले. सुटका होणार हे कळून मीही हसले.

त्याच वेळी माझ्या मित्राला बाहेर आणले. केस सुटलेले, ओठ सुजलेला, पगडीचे कापड बोळा करून हातात. तो दारात थांबला.

"हँस क्यों रहे हैं सब?" त्याने मला विचारले.

अधिकाऱ्याने वही ठेवून घेतली, घरी मुलांना दाखवायला.

चौकीच्या फाटकाबाहेर येऊन मित्राने कापड झटकले. पगडीची घडी घालताना दुसरे टोक ताणून धरायला कोणीतरी लागते. मी त्याच्या शेजारीच उभी होते. हात पुढे केला. त्याने मला ओलांडून ते टोक सरांना दिले.