सभासदाची साखर

वहिनी, मी निघालो त्या सकाळी दादानं मला मोटरसायकलवरून स्टँडवर सोडलं. माझी बॅग टाकीवर, मी मागं. एसटी हलायला लागल्यावर खिडकीशी आला आणि एवढंच म्हणाला, "आईचं मी बघतो. तू मागं बघू नकोस." मी खरंच बघितलं नाही. एकोणीस वर्षं झाली.

इथं परदेशात, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये, जहाजांच्या इंजिनांच्या कामातून सुट्टी मिळाली की मी बीअर करतो. घरापुरती केलेली चालते इथं. माल्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा मिळतो, म्हणजे मोड आलेल्या जवाचा काकवीसारखा दाट पाक. तो पाण्यात विरघळवायचा, यीस्ट घालायचं, पंधरा दिवस झाकून ठेवायचं. बाटल्या भरताना फेसापुरती चिमूटभर साखर.

आठ वर्षांपूर्वी गावी येताना एक बाटली आणली होती, तिची चव दादाला आवडली. पुढच्या खेपेला एक डबा आण, म्हणाला. पुढच्या खेपेला चॉकलेटं, परफ्यूम, तुमचा मिक्सर असं सगळं भरलं; वजन जास्त झालं आणि डबा काढून ठेवला. यीस्टची पाकिटं तेवढी आणली. नंतर त्याचा फोन आला, डब्याशिवाय कसं करू? मी पाया लेबार स्टेशनात एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलत होतो. म्हटलं, "डबा कशाला? कारखान्याची सभासदाची साखर पोतंभर पडलीय की घरात. तीच घाल." आणि बाटलीत किती? "घाल दोन-तीन चमचे. काय होतंय." आठवड्यात भरली तरी चालेल, असंही सांगितलं. गाडी आली होती. मी फोन ठेवला.

बाटली त्याच्या हातातच फुटली. टॉवेल घेऊन तुम्हीच धावलात. परवान्याची भानगड नको म्हणून त्यानं डॉक्टरांना सोड्याची बाटली सांगितली. ती सोड्याची नव्हती हे तुम्हाला माहीत आहे. साखर कुणी घालायला सांगितली, ते माहीत नाही.

उजवा डोळा गेल्यावर आठवड्यानं त्यानं मला फोन केला. "तुझं नाव काढलेलं नाही. काढायचंही नाही." वहिनी, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. चूक फोनवर झाली, पाप त्या क्षणी झालं.

आता तो ट्रॅक्टर चालवत नाही. चहा ओतताना कपाबाहेर सांडतो, तुम्हीच सांगता. यांच्या हौसेपायी डोळा गेला, असं म्हणता. आणि दर रविवारी मला, "भावजी, असले उद्योग पुन्हा नकोत म्हणून तुम्ही तरी समजवा. तुमचं ऐकतात ते." मी हूं म्हणतो आणि फोन या हातातून त्या हातात घेतो.

आता माझ्या बीअरमध्ये साखरेचा दाणा नसतो. फेसालाही माल्टच, काट्यावर तोलून. मुलगा इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणतो, "पपा, शुगर चीपर लाह." साखरेनं पाणचट होते, असं त्याला सांगतो. ते खरंही आहे. दाट, सोनेरी उतरते हल्ली. घोटभरही घशाखाली जात नाही. सिंकमध्ये ओततो आणि पुन्हा डबा आणतो.

हे वाचून तुम्ही माझा फोन उचलला नाहीत तरी चालेल. फक्त दादाला आता बोल लावू नका. इथं कायम राहायचा परवाना, पीआर, मिळाला म्हणून बायको घर घेऊ म्हणते. मला कळत नाही, घर कशाला म्हणायचं. सात वर्षं एक माणूस माझ्या वाटणीची बोलणी खातोय, तेवढीच एक जागा माझी आहे. आणि तिथं मला तोंड दाखवता येत नाही.