मॅडमला येत नाही

शनिवारी दुपारी फोन वाजला. नंबर नाझनीनचा होता, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "काय गं, आज कुठली एसटी चुकवलीस?" पलीकडून तिच्या धाकट्या भावाचा आवाज आला. "ताई... आपा नाही राहिली." मी त्याला मूर्खासारखं विचारलं, "म्हणजे?" तो सांगत होता. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, चहा अर्धा सोडून आडवी झाली. दवाखान्यात नेईपर्यंत बोलत होती, मग बोलायची थांबली. डोक्यात रक्तस्राव झाला असं डॉक्टरांनी सांगितलं. मी फोन कानाला धरून अवसरीच्या आमच्या ओट्यावर उभी होते आणि मनात एकच चाललं होतं, की काल संध्याकाळी हिनं मला पेरू दिला होता, तो अजून माझ्या पिशवीत आहे.

जुन्नरला पोचले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. तिचे अब्बा बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान चालवतात, त्या दिवशी दुकानाचं शटर बंद होतं. अम्मींनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजानंतर तिला नेलं. कोणी म्हणालं देवाची मर्जी, कोणी म्हणालं नशीब. मला राग आला. अजूनही येतो. चोवीस वर्षांची मुलगी अर्धा चहा ठेवून जाते, याला मर्जी कसली म्हणायची?

आमची ओळख बी.एड.ची. पहिल्याच सत्रात आम्हाला निबंध होता, भावी शिक्षक म्हणून वर्गातलं तंत्रज्ञान आणि आयुष्यभराचं शिक्षण यावर तुमचे विचार. आम्ही सगळ्यांनी इंटरनेटवरून मोठमोठे परिच्छेद उचलून ठेवले. नाझनीननं पान-दीड पान लिहिलं. आयुष्यभर शिकत राहा असं आपण पोरांना सांगतो, पण आपली बाई शिकताना त्यांनी कधी बघितलीय का? बाईला सगळं आधीपासूनच येत असतं. मी पोरांबरोबर ब्लॉग लिहीन आणि त्यात मला काय येत नाही ते आधी लिहीन... असं काहीसं. मी वाचून हसले. "तुला पहिल्याच दिवशी घरी पाठवतील," म्हटलं. "मग तुझ्याकडे कांदे खुरपायला येते," ती म्हणाली.

इंटर्नशिपला आम्हा दोघींना कळंबच्या बाजूची एकच शाळा मिळाली. तिला सातवीचा वर्ग होता. संगणकाच्या खोलीत चालू अवस्थेत होतं ते एकच यंत्र, तेही मनात आलं तर. मग मुलं कागदावर लिहायची आणि ही शुक्रवारी जुन्नरच्या एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर ते ब्लॉगवर चढवायची. पोस्टला वेळ मात्र लावून ठेवायची, रविवारी सकाळची. कारण तेव्हा आईबापांचे फोन मुलांच्या हाती लागतात. तिचा नियम एकच. खाली 'छान', 'खूप छान' लिहायचं नाही. प्रश्न विचारायचा, नाहीतर कोणी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. आणि दर आठवड्याला शेवटी तिची स्वतःची पोस्ट असायची. त्या पोस्टचं नाव 'मॅडमला येत नाही'.

पहिल्या आठवड्यात तिनं लिहिलं, कांदा काढायला झाला हे कसं ओळखतात, मला येत नाही. तनुजा नावाची एक मुलगी वर्गात तोंड उघडायची नाही. तिनं आईच्या फोनवरून उत्तर दिलं, "मॅडम पातीची मान पडली की कांदा काढायला व्हतो. पण समद्या वावराची एकदम पडत नाय, वाट बघावी लागती." ही बया ते पडताळायला आमच्या वावरात आली. वाफ्यावाफ्यातून फिरत "पडली, पडली!" असं ओरडत सुटली. माझे वडील पाण्याची मोटार बंद करून धावत आले, त्यांना वाटलं पाहुणी पाटात पडली. त्या दिवसापासून तिचं नाव त्यांच्या तोंडी 'ती कांद्याची मॅडम' असं झालं.

कॉलेजातून तास बघायला आलेल्या सरांना हे काही रुचलं नाही. "पोरांपुढं असं मला येत नाही, मला येत नाही करायचं नसतं. धाक राहत नाही," ते म्हणाले. नाझनीन खाली मान घालून "हो सर" म्हणाली आणि शुक्रवारी एसटीत बसून पुढची पोस्ट लिहिली. मी म्हटलं, "मार्क कापतील गं." तर म्हणते, "तनुजा बोलायला लागली ना? मग कापू दे."

तर तो शनिवार गेला. मी रात्री अवसरीला परत आले. रविवारी सकाळी आठला फोनवर घंटी वाजली. 'मॅडमला येत नाही', नवी पोस्ट. खाली तिचं नाव.

क्षणभर... खरंच सांगते, क्षणभर मला वाटलं की कालचं सगळं खोटं होतं. मग आठवलं, शुक्रवार, एसटी, लावून ठेवलेली वेळ. तिनं लिहिलं होतं, "मला सायकल येत नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं, भीती माझीच. सोमवारी मधल्या सुट्टीत मैदानावर येते. मला कोण शिकवणार? पहिल्यांदा काय करायचं ते लिहून कळवा."

थोड्याच वेळात मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "ब्लॉगचा पासवर्ड तुझ्याकडे आहे ना? ती पोस्ट काढून टाक. निम्म्या पोरांना अजून माहीत नाही, ज्यांना कळलंय ती घाबरलीत." त्यांचं चुकत नव्हतं. मी काढायलाच बसले. बोट बटणावर होतं, तेवढ्यात खाली उत्तरं आलेली दिसली. कोणी लिहिलं होतं, सीट खाली करून घ्या. कोणी लिहिलं होतं, चाकाकडं बघू नका. तनुजाचं सगळ्यात लांब होतं. "मी दादाची सायकल आणते. आमी मागून कॅरेज धरू. पण सोडताना सांगनार नाय. सांगितलं की मानूस पडतं."

मी ते वाचलं आणि मोठ्यानं रडले. कालपासून पहिल्यांदा. सोडताना सांगितलं नाहीस गं नाझनीन तू, आणि आम्ही तरी पडलोच की. पोस्ट काही माझ्याच्यानं काढवली नाही. बाईंना फोन करून म्हटलं, राहू द्या, उद्या मी पोरांशी बोलते.

सोमवारी वर्गात शिरले तर खिडकीतून सायकली दिसत होत्या. तोवर सगळ्यांना कळलेलं होतं, तरी आणल्या होत्या. तनुजानं विचारलं, "मॅडम शनिवारी गेल्या ना? मग रविवारी कसं काय लिव्हलं त्यांनी?" मी शुक्रवारची गोष्ट सांगितली, एसटीतली. पोरं ऐकत राहिली. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे त्यांना यायचंच व्हतं." मी हो म्हटलं. त्यापुढं त्या तासाला मला काही शिकवता आलं नाही.

मागच्या पंधरवड्यात एका रविवारी अम्मींकडे जाऊन आले. नाझनीनच्या खोलीत तिचा दुपट्टा दारामागच्या खुंटीवर तसाच आहे. अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. मराठी आपल्यासारखीच बोलतात, पण लिहायची सवय नाही. रविवारी पोस्ट आली की नाझनीन त्यांना शेजारी बसवून मोबाइलवर मराठी अक्षरं उमटवायला शिकवायची, हे मला त्या दिवशी कळलं. "पोरांनी काय लिहिलं, दाखव बेटा," त्या म्हणाल्या. मी पोस्ट उघडून दिली. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवत सगळं वाचलं. तनुजाच्या उत्तरापाशी बोट बराच वेळ थांबलं. मग मी काही बोलायच्या आत त्या त्याच बोटानं खाली लिहायला लागल्या. मी मदत करू का म्हटलं, तर मानेनंच नको म्हणाल्या. चहा गार झाला तेव्हा एक ओळ पुरी झाली होती.

"तिला सायकल आली असती का"

छान लिहायचं नाही, प्रश्न विचारायचा. लेकीचा नियम त्यांनी पाळला होता. मी फक्त खाली 'नाझनीन मॅडमची आई' एवढं जोडून ते पाठवलं.

तनुजाचं उत्तर मी निघायच्या आतच आलं. "आली आसती काकू. पयल्यांदा पडल्या आसत्या, पण आमी व्हतो ना. दुसऱ्या सोमवारी आली आसती." अम्मींनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, मोबाइल उराशी धरून बसल्या. मग दारामागच्या दुपट्ट्याकडे बघत मला विचारलं, "बेटा, याच्या खाली अजून एक प्रश्न विचारला तर चालतं ना?"