भुशाची भिशी

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे घोडी खिंकाळली आणि तुम्ही दोघं एकदम ओरडलात, "आजी, तू घोडा घेतलास?" घेतला नाही. घोडी शेजारच्या आप्पांची आहे. तिचा खुराक मात्र आपल्या घरात असतो. तो इथे कसा आला, ते पहिल्यापासून सांगते.

आप्पा पूर्वी स्टेशनपासून शहापुरापर्यंत टांगा हाकायचे. टांगे गेले, मग काही वर्षं घोडी वरातीत मिरवली. आता ती म्हातारी आहे. दात झिजल्यामुळे कडबा चावता येत नाही. कोवळं गवत आणि पाण्यात कालवलेला भुसा, वर थोडा भिजवलेला हरभऱ्याचा भरडा, एवढ्यावर तिचं चालतं. आपल्याकडे भुसा म्हणजे जनावरांसाठी मिळतो तो गव्हाचा कोंडा.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिचं पोट धरलं. ती गोठ्यात लोळत होती आणि आप्पा दाराला धरून उभे होते. गुरांच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि भुशाच्या पोत्यात हात घातला. भुसा आतून गरम लागत होता, त्याचे हिरवट गोळे झाले होते. एकट्या घोडीकडून अख्खं पोतं संपेपर्यंत ओल्या भिंतीने ते नासवलं होतं.

आप्पांचा मुलगा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आहे. वाईट नाही तो. त्या दिवशी कामावर खाडा करून डॉक्टरांना त्यानेच आणलं. पण अंगणात तो बापाला म्हणाला, "आप्पा, आता पुन्हा हिचं पोट धरलं, तर मी जनावरांच्या दलालाला फोन लावून हिला विकणार. रडत बसायचं न्हाय."

 संध्याकाळी घोडीला खरारा करताना आप्पांचा हात फार हळू चालत होता.

मी म्हटलं, यात अवघड काय आहे? थोडा थोडा आणा, संपला की पुन्हा आणा. मी स्वतः तांदूळसुद्धा आता तसाच आणते. दुसऱ्या दिवशी आप्पांबरोबर रिक्षाने रविवार पेठेतल्या पशुखाद्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

"आक्का, पोतं फोडून देत न्हाय आमी. फोडलेलं पोतं मग कोण घेतंय?"

"एकच घोडी आहे हो."

"मग आणि एक घ्या की! जोडी हुईल."

आप्पा हसले. मला हसू आलं नाही. शेवटी पोतंच घेऊन आलो.

रिक्षातून ते उतरवताना गल्लीच्या टोकाची शेळ्या पाळणारी बाई येऊन उभी राहिली. तिच्या घरी साड्यांचे माग आहेत, आणि बोलणंही मागाच्या धोट्यासारखं, इकडून तिकडे धावणारं. "एवढं कशाला आणलासा, आक्का? घोडी काय पाहुणे बोलावलीया जेवायला?"

मी दुकानातला प्रकार सांगितला. ती म्हणाली, "मग आमी काय मेलो व्हय? माझ्या शेळ्यास्नी लागतोय, समोरच्या वैनीच्या गाईला लागतोय. समदी मिळून पोतं फोडूया. पैशाची भिशी चालतीया, तर भुशाची का न्हाय?"

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. एका घरात पडून राहिलं की नासणारं पोतं तीन घरांत पंधरवड्यात संपणार होतं. गाईवाल्या वैनींनी फक्त एकच विचारलं, "पण ठेवायचं कुणाकडं?" सगळ्यांची छपरं गळकी, म्हणून माझ्याकडे.

आधी मी निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात भरून झाकण घट्ट लावलं. दोन दिवसांनी उघडते तर झाकणाला आतून घाम! लगेच सगळा भुसा चादरीवर पसरून पंख्याखाली वाळवला. मग आठवण झाली लग्नात मिळालेल्या पत्र्याच्या कोठीची. घर भरलेलं होतं तेव्हा तिच्यात वर्षाची ज्वारी राहायची. तुमचे आजोबा गेल्यापासून ती रिकामीच होती, मी तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं रचत असे. ती पुसली, उन्हात तापवली, भिंतीपासून दूर फळ्यांवर ठेवली. भुसा खाली, भरड्याचा डबा वेगळा, आणि आधीचं संपल्याशिवाय नवं ओतायचं नाही, हा माझा नियम. शेळीवाली त्याला "इंग्लिश कायदा" म्हणते, पण पाळते.

शनिवारी वाटप. भुशाच्या धुळीने सगळ्या शिंकतात, चहा होतो, वैनी दूध आणतात. पूर्वी शनिवारी माझं दार दुधापुरतं उघडायचं. या बायांनी मला काय दिलं, हे त्यांना सांगायला गेले तर त्या हसतील, म्हणून तुम्हाला सांगते.

यंदाचा पाऊस तुम्ही बातम्यांत पाहिलातच. रोज सकाळी आप्पा कोठीत हात खुपसून भुसा नाकाशी नेत आणि माझ्याकडे बघून मान हलवत. बरा आहे. घोडीचं पोट एकदाही बिघडलं नाही.

दसऱ्याच्या आधल्या शनिवारी दलाल आपणहून आला. घोडी विकायची आहे, असं गेल्या वर्षी कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. आप्पांच्या हातातली भुशाची पाटी तशीच राहिली. पोतं उतरवायला आलेल्या मुलाकडे ते बघत होते, आणि आम्ही सगळ्याही.

मुलगा म्हणाला, "न्हाय वो, घोडी द्यायची न्हाय. चांगली खातीया ती. च्या घ्या आणि जावा."

दलाल बसला. चहा पिता पिता त्याने कोठी पाहिली, वाटे पाहिले. "बरं चाललंय की तुमचं. माझ्याकडं बी एक म्हस हाय. मलाबी घेतासा काय भिशीत?"

शेळीवालीने माप खाली ठेवलं. "तुमच्या दारात जनावर शनवारपर्यंत टिकतंय व्हय? वाटा काढू कुणाचा?"

सगळ्यांत मोठ्याने दलालच हसला. आप्पांनी पाटी डोक्यावर घेतली आणि घोडीकडे निघाले.