उशीतल्या गोळ्या

शिलाईमावशींनी जन्मात कधी चिंधी टाकली नाही. उरल्यासुरल्या तुकड्यांच्या पिशव्या व्हायच्या, पायपुसणी व्हायची. दुखणंही त्यांनी असंच घडी घालून ठेवलं. गुडघा कुरकुरत होता तरी पायमशीन चालूच! शेवटी त्या गुडघ्यानेच हात टेकले आणि तो बदलावा लागला.

आता एकच ध्यास, पुन्हा मशीनवर बसायचं. पण व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, "मावशी, आत्ता वाकवला नाहीत तर गुडघा आखडून बसेल. मग पायमशीन विसरा."

दुपारी हॉस्पिटलातले पडदे हलायचे, खोली हलकेच डुलल्यासारखी वाटायची. डोळा लागला की मावशी थेट मशीनवर! निळं कापड सुईखालून सरसर पुढे जायचं, संपायचंच नाही. मग जाग यायची आणि गुडघ्यात आग पेटलेली असायची.

"दुखतंय का?" नर्स विचारायची.

"छे गं, थोडंसं."

व्यायामाच्या वेळी मात्र गुडघा ढिम्म. ताईंचा हात लागायच्या आधीच मावशी पलंगाची कड घट्ट धरायच्या.

एका दुपारी लेकीने उशी झटकली, तर अभ्र्यातून गोळ्या टपटप खाली.

"आई! अगं, हे काय?"

"खरंच फार दुखेल तेव्हा लागतील. शिल्लक असावं काहीतरी."

"ह्या काय चिंध्या आहेत साठवायला?" लेकीला हसावं की रडावं कळेना.

नर्सने गोळ्या गोळा केल्या. "मावशी, दुखणं डोक्यावर बसल्यावर गोळी काय करणार? वेळेवर घेतली तर व्यायाम होईल. आता खरं सांगा, किती दुखतंय?"

नेहमीचं 'छे गं' ओठांवर आलं, पण बाहेर पडेना.

"खूप दुखतंय गं. जीव नकोसा झालाय."

आणि मावशी हमसून हमसून रडल्या. वडील गेले तेव्हाही लेकीने आईला असं रडताना पाहिलं नव्हतं. ती नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

नर्सने दिलेली गोळी त्यांनी तिच्यासमोरच गिळली. हळूहळू आग निवली. मग ताई आल्या. गुडघा दुखला, नाही असं नाही, पण वाकला. मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

नंतर त्यांचा डोळा लागला. चादरीखाली पाऊल हलत होतं. टाच, चवडा, टाच, चवडा. लेक पायाशी बसून बघत होती. चहा आला, तरी तिने आईला हाक मारली नाही.